बाळंतपणाची फाईल आणि रेडमंडचं बीपी

मे महिना लागला की अमेरिकेत, सिॲटलजवळच्या रेडमंडमध्ये भारतातून येणाऱ्या आई-बाबांचा हंगाम सुरू होतो. पाऊस ओसरलेला असतो, दिवस लांबलेले असतात, नातवंडांची शाळा संपत आलेली असते. बॅगा उघडल्या की भाजणी, मेतकूट, गोडा मसाला बाहेर येतो आणि तळाशी प्लास्टिकच्या डब्यात सहा महिन्यांच्या गोळ्या. टेल्मिसार्टनच्या पट्ट्या रबर लावून वेगळ्या, ॲम्लोडिपिनच्या वेगळ्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. हा साठा चैनीचा नसतो. भारतातल्या चिठ्ठीवर इथलं औषधाचं दुकान गोळी देत नाही आणि बहुतेक व्हिजिटर इन्शुरन्स आधीपासूनच्या दुखण्याला हात लावत नाहीत. फार तर ते दुखणं अचानक उसळलं तर थोडंफार देतात. म्हणून सहा महिन्यांची मोजून बांधलेली औषधं, आणि त्यांच्याबरोबर बीपीचं मशीन.

हे मशीन जेवणाच्या टेबलावर आलं की घरातला प्रत्येकजण हौसेनं दंडाला पट्टा बांधून बघतो. ओव्हरलेक भागातल्या अशाच एका घरी वडिलांचं बीपी १२८/७८ आलं आणि एक्केचाळीस वर्षांच्या लेकीचं १४४/९२. तिला वाटलं, पट्टा नीट बसला नसेल. पुन्हा घेतलं, दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलं, आकडा काही खाली येईना. बाई सडपातळ, आठवड्यातून तीनदा योगाच्या वर्गाला जाणारी, घरी तेलसुद्धा मोजून वापरणारी. डॉक्टरकडे गेली तेव्हा तिला विचारलं गेलं: गरोदरपणात बीपी वाढलं होतं का?

वाढलं होतं. पुण्यात, आठव्या महिन्यात. पायांवर सूज होती, लघवीतून प्रथिनं जात होती, डोकं ठणकत होतं, आणि पस्तिसाव्या आठवड्यात घाईनं सिझेरियन करावं लागलं होतं. त्यानंतर अकरा वर्षांत हा प्रश्न तिला एकाही डॉक्टरानं विचारला नव्हता आणि तिलाही तो सांगण्यासारखा वाटला नव्हता. बाळ सुखरूप आलं, बीपी उतरलं, विषय संपला. बाळंतपणाची फाईल कोथरूडच्या घरी माळ्यावर आहे.

अशा फायली पुण्यात, नाशकात, ठाण्यात, नागपुरात अनेक माळ्यांवर पडून असतील. रेडमंडमधल्या आपल्या लोकांच्या बीपीबद्दल मी वाचत, विचारत, ऐकत गेले तसं माझं एक मत पक्कं झालं. आपण बीपी बघतो ते पोट सुटलेल्या, रागीट, पन्नाशीच्या पुरुषात. ते वाढतं मात्र बऱ्याचदा दुसरीकडेच, आणि त्याची पहिली नोंद कुठल्यातरी कागदावर आधीच झालेली असते.

•••

आकड्यांचं आधी सांगायला हवं, कारण इथे खूप गोंधळ होतो. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० च्या पुढे बीपी 'हाय' धरतात. १२० ते १२९ आणि खालचा आकडा ८० च्या आत असेल तर ते 'वाढलेलं'. भारतात अजून १४०/९० हीच रेघ प्रचलित आहे. त्यामुळे १३६/८४ असलेला माणूस मुंबईत विमानात बसताना नॉर्मल असतो आणि सिॲटलला उतरल्यावर त्याला हाय बीपी असतं. २०१७ च्या बदलामुळे अमेरिकेतल्या हाय बीपी असलेल्या प्रौढांचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून एकदम ४६ टक्क्यांवर गेलं. औषध कंपन्यांचा डाव, असं म्हणून ते उडवून लावणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. धमन्यांना रेघ कळत नाही. ११५ च्या आसपासपासूनच आकडा जसा चढतो तसा पक्षाघाताचा आणि हृदयविकाराचा धोका चढत जातो, रेघ कुठे मारायची ते आपण ठरवतो. रेघ खाली आली म्हणजे प्रत्येकाला गोळी सुरू झाली असंही नाही. १३० ते १३९ मधल्या बऱ्याच जणांना आधी खाणंपिणं आणि हालचाल सुधारायलाच सांगतात.

एके काळी ही रेघच नव्हती. वयाबरोबर बीपी वाढायचंच, असं मोठमोठे डॉक्टर मानत. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले तेव्हा त्यांचं बीपी ३००/१९० होतं. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला देण्यासारखं धड औषध कुणाकडे नव्हतं. त्यानंतर चार वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेच्या मुळीचे आपल्या रुग्णांवरचे अनुभव छापले आणि बीपीवर गोळी असू शकते हे पश्चिमेला कळलं. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. इतक्या मोठ्या कामाची मराठी वाचकाला इतकी कमी माहिती असावी याचं मला नेहमी वाईट वाटतं.

रूझवेल्ट गेल्यानंतरच्या काळात, १९४८ मध्ये, बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षं तपासणी सुरू झाली. धोक्याचे घटक, म्हणजे 'रिस्क फॅक्टर', ही भाषा दवाखान्यात रुळली ती या गावामुळे. बायकांना पहिल्या दिवसापासून त्यात घेतलं होतं, ही त्या काळात मोठी गोष्ट. मात्र तेव्हाचं ते गाव जवळजवळ संपूर्ण गोरं होतं. अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी तसा अभ्यास व्हायला २०१० उजाडलं. सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागातल्या ९०६ दक्षिण आशियाई लोकांना घेऊन 'मसाला' नावाचा अभ्यास सुरू झाला, डॉ. अलका कनाया यांच्या पुढाकारानं. त्यातून जे पुढे आलं त्याचं मूळ मात्र पुण्यात आधीच सापडलेलं होतं.

•••

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा गरोदर राहण्याच्या आधीपासून अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साधारण साडेतीन किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान होती, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. चरबी मात्र त्या मानानं राखलेली. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबी असलेलं हे शरीर जन्मापासूनचं आहे, हे त्यांनी दाखवलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२.

'मसाला'मध्येही हेच दिसलं. वजन बेताचं असलं तरी आपल्या लोकांच्या यकृतात आणि पोटाच्या पोकळीत चरबी जास्त साठते. ही आतली चरबी इन्सुलिनचं काम अडवते, मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावते, धमन्या ताठ करते. म्हणून "मी कुठे जाड आहे" हे उत्तर आपल्या घरात कामाचं नाही. वजनकाट्यापेक्षा कंबरेची टेप जास्त खरं बोलते. आपल्यासाठी धोक्याची कंबर पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० अशी धरतात. गोऱ्या लोकांच्या मापापेक्षा ती कमी आहे.

आणि जन्माच्या वेळचं वजन? इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कमी वजनाच्या बाळांचं बीपी पुढे मोठेपणी जास्त असतं हे मांडलं, तेव्हा ते अनेकांना पचलं नाही. आता पचलं आहे. पोटात असताना मूत्रपिंडं लहान राहिली, त्यातल्या गाळण्या कमी बनल्या, की जन्मभर तेवढ्यावरच भागवावं लागतं. आज चाळिशीत असलेले रेडमंडचे कितीतरी इंजिनिअर अडीच किलोच्या आतबाहेर जन्मलेले आहेत. आईला विचारलं तर ती सांगते, "एवढूसा होतास." तेही बीपीच्या इतिहासात मोडतं.

•••

आता त्या फाईलकडे. तीत नोंदलेला प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर वाढलेलं बीपी आणि त्याबरोबर मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांच्यावर पडणारा ताण. मूळ वारेत असतं. वारेला रक्त पुरवणाऱ्या धमन्या हव्या तशा रुंद होत नाहीत, आणि उपाशी राहिलेली वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की तिच्या सगळ्या धमन्यांचं अस्तर दुखावतं. वार बाहेर आली की बीपी काही दिवसांत, काही आठवड्यांत उतरतं. म्हणून सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण जिला हे झालं तिला पुढे कायमचं हाय बीपी होण्याची शक्यता इतर बायकांच्या तीन-चार पट असते, हृदयविकाराची आणि पक्षाघाताची सुमारे दुप्पट. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०११ पासून गरोदरपणातल्या या तक्रारी बायकांच्या हृदयविकाराच्या धोक्यांत धरल्या आहेत. नुसतं बीपी वाढलं आणि प्रथिनं गेली नाहीत, गरोदरपणातला मधुमेह झाला, बाळ महिनाभर आधी आलं, अगदी लहान जन्मलं, या सगळ्यांची नोंद त्याच रांगेत.

मग ही गोष्ट मागे का राहते? कारण बाई प्रसूतितज्ज्ञाकडून निघते आणि दुसऱ्या कुणाकडे पोचतच नाही. सहा आठवड्यांनी टाके बघितले जातात, बाळाच्या लशी सुरू होतात, तिच्या स्वतःच्या दंडाला पट्टा बांधायला कारण उरत नाही. आपल्या बायकांच्या बाबतीत मध्ये समुद्र येतो. नवरा आधी आलेला, ही मागून डिपेंडंट व्हिसावर आलेली, नवा देश, लहान मूल, आणि कागद माहेरी. इथल्या डॉक्टरच्या फॉर्मवर 'पूर्वीचे आजार' असा रकाना असतो तिथे ती 'काही नाही' लिहिते. तिच्या लेखी गरोदरपण हा आजार नव्हता, आणि ते बरोबरच आहे. म्हणून प्रश्न तसा थेट विचारला गेला पाहिजे.

दुसरं मूल इथे होणार असेल तर ही फाईल आणखी मोलाची. आधी प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या बाईला बाराव्या आठवड्यानंतर रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू करतात, त्यानं तो पुन्हा होण्याचा धोका कमी होतो. आधीपासून बीपी असेल तर गरोदरपणात १४०/९० च्या वर औषध देणं आईच्या आणि बाळाच्याही हिताचं, हे २०२२ मध्ये सुमारे २,४०० बायकांच्या चाचणीत दिसलं. पण आधी काय घडलं होतं ते डॉक्टरला माहीतच नसेल तर?

चाळिशीनंतर बायकांच्या बीपीचं दुसरं वळण येतं. तोवर पुरुषांचं सरासरी बीपी जास्त असतं, म्हणून बायका सुरक्षित असा समज. २०२० मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉ. सुझन चेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ वर्षांत जमलेल्या सुमारे ३३ हजार लोकांच्या नोंदी तपासल्या. बाईचं बीपी विशीपासूनच पुरुषापेक्षा वेगानं चढतं, फक्त खालच्या पायरीवरून सुरुवात झाल्यानं ते लक्षात येत नाही, असं त्यांना आढळलं. पाळी गेल्यावर ते आणखी चढतं आणि साठी-पासष्टीनंतर बायका पुरुषांच्या पुढे जातात. भारतीय बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते, अमेरिकनांपेक्षा चारेक वर्षं आधी. छातीत धडधड, झोपमोड, घाम, डोकं जड, या तक्रारी घेऊन गेलेल्या पंचेचाळिशीच्या बाईला "होतंच या वयात" असं सांगून परत पाठवलं जातं. त्यातल्या काहींचं बीपी खरोखर वाढलेलं असतं. पीसीओएस, एकत्रित हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या यांनीही ते वाढतं, आणि गोळी सुरू करण्याआधी बीपी बघणं हा नियम आहे.

•••

पुरुषांचं दुखणं वेगळं. ते मोजतच नाहीत. रेडमंडमध्ये चांगला इन्शुरन्स आहे, वार्षिक तपासणीला पैसे पडत नाहीत, तरी चाळिशीपर्यंत अपॉइंटमेंट बायकोच घेते. आणि पुरुषाचं बीपी दवाखान्यात नीट येऊन घरी, ऑफिसात चढलेलं असण्याची शक्यता जास्त असते. दहा मिनिटांच्या भेटीत ते सापडत नाही.

मायक्रोसॉफ्ट १९८६ मध्ये रेडमंडला आली आणि या गावाची घडी बदलली. २०२० मध्ये ७३ हजार वस्तीच्या या गावात आपली मराठी घरं आली ती प्रामुख्यानं संगणकाच्या कामासाठी. त्या कामाचं वेळापत्रक दोन देशांत पसरलेलं आहे. उन्हाळ्यात इथे रात्रीचे साडेआठ म्हणजे पुण्यात सकाळचे नऊ. मुलांना झोपवून कॉलला बसायचं, साडेअकराला उठायचं, सकाळी साडेसहाला शाळेची बस. झोपेत बीपी दहा ते वीस टक्के उतरावं अशी शरीराची रचना आहे. झोपच सहा तासांच्या आत आली की धमन्यांची विश्रांती तेवढी कमी होते. त्यात घोरणं. जोडीदार ऐकतो ते घोरणं मध्येच थांबतं, मग धापेसारखा श्वास येतो. हा स्लीप ॲप्निया, आणि औषधांना न जुमानणाऱ्या बीपीमागे तो बरेचदा सापडतो. आपल्याकडे त्याचं हसू होतं, तपासणी होत नाही. मूत्रपिंडाच्या वर असलेल्या ग्रंथी अल्डोस्टेरॉन जास्त बनवत असल्या तरी असंच होतं. त्याला साधी रक्ततपासणी आहे, ती मागून घ्यावी.

"टेन्शनचं बीपी आहे" हे वाक्य इथे सगळ्यांच्या तोंडी असतं. टेन्शन खोटं नाही. एच-वन बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधावी लागते, आणि २०२५ च्या मे आणि जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टनं मिळून सुमारे पंधरा हजार लोक कमी केले तेव्हा कित्येक घरांनी ते दिवस मोजले. पण रागानं, भीतीनं चढलेलं बीपी तासाभरात उतरतं. कायमचं चढवतं ते ताणाबरोबर येणारं बाकी सगळं: गेलेली झोप, बंद पडलेलं चालणं, रात्रीचं खाणं, आणि ग्लास. रेडमंडच्या शेजारीच वुडिनव्हिल आहे, वाइन चाखण्याच्या खोल्यांनी भरलेलं. दारूनं बीपी वाढतं, पुरुषाचं आणि बाईचंही, आणि वाइनला त्यात सूट नाही.

मिठाबद्दल मला जपून लिहायचं नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, आपण त्याच्या दुपटीच्या आसपास खातो. १९८८ च्या 'इंटरसॉल्ट' अभ्यासात ५२ ठिकाणच्या दहा हजारांवर लोकांची चोवीस तासांची लघवी तपासली गेली. त्यांतले ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक जवळजवळ मीठच खात नाहीत, आणि त्यांचं बीपी म्हातारपणीही तरुणांइतकंच असतं. म्हणजे वयाबरोबर बीपी वाढणं निसर्गनियम नाही. मराठी पानात मीठ-लिंबू वर, लोणचं-चटणी डावीकडे आणि वरण-भाजीत ते आधीच पडलेलं. इथे त्याच्यावर आणखी एक थर चढतो: फ्रोझन पराठे, पिझ्झा, ब्रेड, चीज, तयार सूप, बाहेरचं थाई आणि मेक्सिकन. अमेरिकन माणसाच्या पोटात जाणारं साधारण सत्तर टक्के सोडियम पाकिटातून आणि हॉटेलातून येतं. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, ढोकळ्यात सोडा, आणि तेही सोडियमच. चव खारट लागत नाही म्हणून मोजणीत येत नाही. केळी, पालेभाज्या, डाळी, दही यांतलं पोटॅशियम त्याच्या उलट काम करतं. पोटॅशियम मिसळलेलं मीठ वापरून चीनमधल्या ६०० खेड्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले, हे २०२१ मध्ये छापून आलं. मात्र आई-बाबा टेल्मिसार्टन घेत असतील किंवा कुणाची मूत्रपिंडं कमजोर असतील तर ते मीठ डॉक्टरला विचारल्याशिवाय घरात आणू नये, रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं.

औषधांच्या कपाटातही बीपी असतं. मेरीमूर पार्कात क्रिकेट खेळून गुडघा दुखला की आयबुप्रोफेन, सर्दीत नाक मोकळं करायला स्यूडोएफेड्रिन. आणि आपला ज्येष्ठमध. घसा बसला की काड्या चघळायच्या, रोजच्या काढ्यात टाकायच्या. त्यातलं ग्लिसऱ्हायझिन शरीराला मीठ धरायला आणि पोटॅशियम फेकायला लावतं. दोन दिवस घेतल्यानं काही बिघडत नाही, पण महिनोन्‌महिने घेतलं तर बीपी वाढतं, आणि डॉक्टर विचारतात तेव्हा काढा कुणाच्या यादीत नसतो. शिवाय ऋतूही आहेच: डिसेंबरमध्ये इथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो, चालणारे पाय घरात बसतात, थंडीनं धमन्या आखडतात. उन्हाळ्यात आटोक्यात असलेला आकडा जानेवारीत हाताबाहेर जातो तो त्यामुळेही.

•••

भारतात नोव्हेंबर २०१७ मध्ये बीपी नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातले पहिले जिल्हे होते सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा. प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स बीपी घेते, ठरलेल्या क्रमानं गोळी सुरू होते, महिन्याची औषधं फुकट हातात मिळतात, पेशंट आला नाही तर फोन जातो. साताऱ्याच्या खेड्यातली सासू नियमानं गोळी घेते आणि रेडमंडच्या जावयानं तीन वर्षांत बीपी मोजलेलंच नाही, असं खरंच घडतं.

मोजायचं कसं हेही अर्धं काम आहे. अर्धा तास आधी चहा-कॉफी नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या उंचीवर टेबलावर. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा, सकाळी आणि रात्री, आठवडाभर. मनगटाच्या मशीनपेक्षा दंडाचं बरं. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, अरुंद पट्टा आकडा फुगवतो. आणि मोजताना आईशी फोनवर बोलायचं नाही, नुसत्या बोलण्यानंही आकडा चढतो.

ओव्हरलेकच्या त्या बाईनं भावाला माळ्यावर चढवलं. त्यानं फाईलच्या पानांचे फोटो पाठवले: आठवड्यागणिक बीपी, लघवीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, बाळाचं वजन १.९ किलो. तिची गोळी सुरू झाली आहे. तेच फोटो तिनं मुलीच्या डॉक्टरलाही दिले. प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या आईच्या पोटी, वेळेआधी आणि कमी वजनाचं जन्मलेल्या मुलाचं बीपी पुढे जास्त राहण्याची शक्यता असते. मुलांचं बीपी तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी बघावं, असं इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सांगितलं आहे, आणि फार लवकर जन्मलेल्या बाळांचं त्याआधीपासून. मुलगी अकरा वर्षांची आहे. तिच्या दंडाला मोठ्यांचा पट्टा सैल होतो, लहान मापाचा लावून घ्यावा लागतो.